रात्री कुत्रं-मांजर मरायला टेकलं तर मराठवाड्यात न्यायचं कुठं? पशुसंवर्धन खात्याला खुलं पत्र

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री, मा. सचिव, मा. आयुक्त (पशुसंवर्धन), महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मा. कुलगुरू, आणि मराठवाड्यातले सगळे आमदार-खासदार यांना

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र चालवतो. बी-बियाणं, खतं, फवारणीची औषधं विकतो. कुठल्या पक्षाचा नाही, कुठल्या प्राणीमित्र संघटनेचा पदाधिकारी पण नाही. रात्रीच्या वेळी पाळीव प्राण्यांना उपचार मिळावेत म्हणून मी रीतसर अर्ज केला होता. त्याचं उत्तर आलं, "सदर बाब धोरणात्मक असल्याने वरिष्ठ कार्यालयास कळविण्यात येत आहे." आता वरिष्ठ कार्यालय म्हणजे तुम्हीच. म्हणून हे पत्र थेट तुम्हाला लिहितोय आणि सगळ्यांसमोर लिहितोय, कारण हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाहीये.

माझं म्हणणं एवढंच आहे. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत कुणालाही विचारा, संध्याकाळनंतर कुत्र्याला नाहीतर मांजराला जिवावरचं काही झालं तर कुठं न्यायचं, कोणता नंबर लावायचा? लोक एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. कोणी ओळखीच्या डॉक्टरचं नाव सांगतं, कोणी म्हणतं सकाळ होऊ द्या, कोणी सरळ पुणे नाहीतर हैदराबाद सांगतं. अडीचशे-तीनशे किलोमीटर, ते पण रात्री, ते पण श्वास कोंडलेलं जनावर गाडीत घालून.

माझ्या घरी हरणी होती. कारवानी जातीची कुत्री, आपल्या लातूर-धाराशिव भागातली ही जात, लांब तोंड, आत ओढलेलं पोट, अंगावर चरबी म्हणून नाही. गेल्या पावसाळ्यात एका रात्री ती अंगणात आडवी झाली. तोंडातून चिकट लाळेची धार, मागचे पाय थरथरतायत, कातडीखालचे स्नायू आपोआप फडफडतायत, लघवी-संडास जागेवरच. बॅटरी मारून डोळे बघितले तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली. माझा धंदाच तो असल्यामुळं मला लगेच कळलं काय झालंय ते. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक पोटात गेलेलं, कुणीतरी रानडुकरासाठी बांधावर विष कालवून ठेवलेलं असणार. तेवढ्यात शेजारची चार माणसं काठ्या घेऊन आली, पिसाळलीय म्हणाली, जवळ जाऊ नका म्हणाली. मी त्यांना नावं ठेवत नाही, लाळ गाळणारं कुत्रं दिसलं की खेड्यातल्या माणसाच्या मनात आधी रेबीजच येतो. पण हा रेबीज आहे का विषबाधा, हे बघून सांगणारं माणूस त्या घडीला आमच्या अख्ख्या तालुक्यात हजर नव्हतं, आणि लेकरं घरात असलेल्या माणसांना तरी आम्ही काय समजावून सांगणार.

माझ्या दुकानातल्या प्रत्येक बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. सोबतच्या घडीपत्रकात विषबाधेची लक्षणं आणि उतारा दोन्ही छापलेलं असतं. या गटाला उतारा अ‍ॅट्रोपीन. म्हणजे काय झालंय ते माहीत, त्यावर काय द्यायचं ते माहीत, औषध पण महागाचं नाही, आणि तरी आम्ही अंगणात फोन घेऊन नुसते फेऱ्या मारत होतो.

सरकारी दवाखान्याला कुलूप. तिथल्या डॉक्टरांकडं शेजारच्या दवाखान्यांचा पण चार्ज, राहायला जिल्ह्याच्या ठिकाणी. एक खाजगी डॉक्टर दुसऱ्या टोकाच्या गावात अडलेल्या गाईपाशी होते, ते ती सोडून कसे येणार. शेवटी गावातले रिटायर झालेले एक पशुधन पर्यवेक्षक काका झोपेतून उठून आले, मेडिकलवाल्यानं शटर उघडून त्याच्याकडं होत्या तेवढ्या अ‍ॅट्रोपीनच्या अँप्युल दिल्या, आणि दुसऱ्या जिल्ह्यातली एक तरुण डॉक्टर ताई व्हिडिओ कॉलवर थांबून किती द्यायचं, कधी द्यायचं सांगत राहिली. काकांनी पुढच्या पायाची शीर शोधून सुई लावली. थोड्या वेळानं लाळ आटली, छातीतली घरघर कमी झाली, बाहुली मोठी झाली, आम्हाला वाटलं वाचली.

पण ही विषबाधा एका इंजेक्शनात मिटत नाही हो. अ‍ॅट्रोपीनचा असर उतरत जातो, ते पुन्हा पुन्हा द्यावं लागतं आणि प्रत्येक वेळी छाती ऐकून, नाडी बघून द्यावं लागतं. आणि अ‍ॅट्रोपीननं लाळ थांबते, फुफ्फुसातलं पाणी थांबतं, पण स्नायूंची गेलेली ताकद त्यानं परत येत नाही. त्याला प्रॅलिडॉक्झिम, म्हणजे माणसांच्या दवाखान्यात ज्याला पॅम म्हणतात ते, वेळेत द्यावं लागतं, ऑक्सिजन लागतो, फार झालं तर श्वास देणारं मशीन लागतं. हे सगळं मला त्या ताईनं त्याच रात्री समजावून सांगितलं. माणसाला असंच विष बाधलं की आमच्या भागातून अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला नेतात, तिथं पेशंटला भरती करतात, सलाईन चालू राहतं, नर्स रात्रभर बघते. हरणीला रात्रभर बघणारं ठिकाण नव्हतं. पहाटे तिचे श्वास उथळ होत गेले, मानेत जोर राहिला नाही, काकांकडच्या अँप्युल संपल्या होत्या, आणि उजाडायच्या आत ती गेली. काकांचे आणि त्या डॉक्टर ताईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण रिटायर झालेला माणूस आणि परजिल्ह्यातला व्हिडिओ कॉल याला आरोग्यसेवा म्हणत नाहीत.

आता माझ्या तक्रारी एकेक करून सांगतो, नीट ऐकून घ्यावं ही विनंती.

पहिली तक्रार वेळेची. जनावर काय फक्त कामकाजाच्या वेळेत आजारी पडतं का? साप रात्री चावतो, विष संध्याकाळी पोटात जातं, कुत्री पहाटे अडते. मोठ्या जातीच्या कुत्र्याचं पोट जेवणानंतर हवा भरून पीळ खातं, त्याला काही तासांत ऑपरेशन लागतं, दुसऱ्या दिवसाची वाट बघितली तर कुत्रं हातचं गेलंच. बोक्याची लघवी अडली तर दिवस-दोन दिवसांत रक्तात पोटॅशियम वाढून हृदय बंद पडतं. नांदेडला माझ्या मावसबहिणीचा बोका असाच गेला, शनिवारी संध्याकाळपासून तो सारखा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसायचा आणि ओरडायचा, घरच्यांना वाटलं बद्धकोष्ठ झालाय, आणि सोमवारपर्यंत दाखवायला कुठं मिळालंच नाही. एक बारीक नळी घालून लघवी मोकळी केली असती आणि सलाईन लावून एक-दोन दिवस देखरेखीखाली ठेवला असता तर तो आज घरात असता. नळी, सलाईन आणि नळी घालता येणारा हात, एवढ्यासाठी.

दुसरी तक्रार, आमच्या प्राण्यांना खातं आपलं मानत नाही. गाय, म्हैस, शेळी म्हणजे पशुधन आणि कुत्रं-मांजर म्हणजे हौस, असं धरून सगळी आखणी झालेली आहे. औषधांचा साठा गुरांच्या हिशेबानं, सुया गुरांच्या हिशेबानं, बांधून ठेवायचा खोडा पण गुरांचाच. 1962 नंबरची फिरती पथकं आली, एका गाडीत एक डॉक्टर, एक सहाय्यक, एक चालक, चांगली योजना आहे, मी तिच्या विरोधात एक शब्द बोलणार नाही. पण ती एक लाख पशुधनामागं एक गाडी या हिशेबानं आखलेली आणि शेतकऱ्याच्या दारात गुरं तपासायला केलेली योजना आहे. रात्री बारा वाजता विष खाल्लेल्या कुत्र्यासाठी ती नाही. मग त्याच्यासाठी काय आहे ते सांगा. ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेल्या 21 व्या पशुगणनेत प्रगणक घरी येऊन कुत्री किती हे पण विचारून गेले. मोजायला घर सापडतं, मग उपचाराला का सापडत नाही?

आणि कायदा तर आमच्याकडून सगळं मागतो. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 3 मध्ये लिहिलंय की ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्यानं त्याच्या भल्यासाठी आणि त्याला विनाकारण वेदना होऊ नयेत म्हणून योग्य ते सगळं करणं हे त्याचं कर्तव्य आहे. बरोबरच आहे, मी कलमाच्या बाजूनं आहे. पण रात्री वेदनेनं ओरडणाऱ्या प्राण्याला न्यायला जागाच नसेल तर आम्ही हे कर्तव्य पार पाडायचं कसं? आणि हा विषय दिल्लीवर ढकलता यायचा नाही. घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीतली 15 वी नोंद बघा, जनावरांचे रोग, पशुवैद्यकीय शिक्षण आणि व्यवसाय हा विषय राज्याचा आहे.

तिसरी तक्रार सापाची, आणि ही मला सगळ्यात जास्त टोचते. आमच्या रानात नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही आहेत. राखणीचं कुत्रं घरच्या माणसाच्या आणि सापाच्या मध्ये जातं, म्हणून त्याला चावा तोंडावर नाहीतर पुढच्या पायावर बसतो. या चारही सापांवर आपल्याकडं एकच पॉलिव्हॅलंट प्रतिविष आहे, माणसाला तेच आणि जनावराला पण तेच. ग्रामीण रुग्णालयात ते माणसांसाठी ठेवलेलं असतं, आणि माणसांच्या साठ्याला हात लावा असं मी कधीच म्हणणार नाही, माझ्याच गावातली माणसं आहेत ती. माझं म्हणणं असं की जनावरांच्या दवाखान्यात त्याचा वेगळा साठा असायला काय हरकत आहे? बैलाला पण साप चावतो, शेळीला पण चावतो. घोणशीच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं, हे ओळखायला मोठं मशीन लागत नाही, कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, 20 मिनिटं न हलवता ठेवायचं आणि नळी आडवी करून बघायचं, गोठलं नसेल तर प्रतिविष लागणार. एवढी साधी चाचणी, पण ती करायला रात्री कोणीतरी जागं पाहिजे. आमच्या गिऱ्हाइकांतल्या एका धनगराचं कुत्रं, मेंढरांच्या वाड्यावर लांडग्याला अंगावर घेणारं, घोणस चावून सुजत सुजत दुसऱ्या दिवशी दुपारी मेलं. तो माणूस पैसे घेऊन उभा होता. पैसे कुठं द्यायचे तेच त्याला कळत नव्हतं.

उपचार मिळत नाहीत तेव्हा लोक हातावर हात ठेवून बसत नाहीत, घरातलं औषध देतात, आणि त्यात पण प्राणी जातात. ताप आला म्हणून मांजराला पॅरासिटामॉल देतात. मांजराच्या शरीराला ती गोळी पचवताच येत नाही, रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद जाते, हिरड्या तपकिरी पडतात, अर्धी गोळी सुद्धा जीव घेऊ शकते. लंगडणाऱ्या कुत्र्याला माणसाची आयब्रुफेन नाहीतर डायक्लोफेनॅक देतात, पोटात अल्सर होतात, किडन्या जातात. हे सगळं प्रेमापोटी होतं. रात्री एक फोन उचलणारा डॉक्टर असता आणि "ती गोळी देऊ नका" एवढं म्हणाला असता तरी किती जीव वाचले असते.

चौथी तक्रार तज्ज्ञांची. हाडाचं ऑपरेशन, डोळे, हृदय, किडनी, कॅन्सर हे सोडाच, गर्भाशयात पू झालेल्या कुत्रीचं ऑपरेशन सुद्धा आमच्याकडं नशिबाचा भाग झालाय. पायोमेट्रा म्हणतात त्याला, माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत होतो, कुत्री पाणी फार प्यायला लागते, पोट फुगतं, आणि पू आतच अडकला तर गर्भाशय काढल्याशिवाय वाचायची शक्यता फार कमी. यात भूल कशी द्यायची ते कळणारा माणूस लागतो, आणि कारवानीसारख्या बिनचरबीच्या शिकारी कुत्र्यांना तर भूल फार जपून द्यावी लागते, काही औषधांचा असर त्यांच्यात लवकर उतरत नाही. गोचीड तापानं रक्त उतरलेल्या कुत्र्याला रक्त चढवायचं म्हटलं तर आमच्याकडं लोक अजून चकित होऊन बघतात, कुत्र्याला रक्त? हो, कुत्र्यांचे पण रक्तगट असतात, चेन्नईच्या मद्रास व्हेटर्नरी कॉलेजात प्राण्यांची रक्तपेढी चालते. आणि पार्व्होची पिल्लं. रक्ताचे जुलाब, उलट्या, एका दिवसात पिल्लू चिपाड होतं. त्या विषाणूला मारणारं हमखास औषध नाही, शिरेतून सलाईन, उलटी थांबवणं आणि काही दिवस भरती ठेवून राखण करणं हाच उपचार, नीट केला तर बहुतेक पिल्लं वाचतात आणि नाही केला तर बहुतेक मरतात. सलाईन सगळीकडं मिळतं. भरती करून घेणारी खोली मिळत नाही.

आता एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण या पत्राच्या खाली लोक डॉक्टरांना शिव्या घालायला लागतील, ते मला नको आहे. आमच्या भागातले सरकारी आणि खाजगी पशुवैद्यक ढोरासारखे राबतात. एकाकडं दोन-तीन दवाखान्यांचा चार्ज, दिवसभर कृत्रिम रेतन, लसीकरण, पोस्टमॉर्टेम, पंचनामे, कागद. 2022 साली लम्पी आला तेव्हा हेच लोक वाडी-वस्तीवर, तांड्यावर जाऊन गोटपॉक्सची लस टोचत होते, मी डोळ्यांनी बघितलंय, दिवाळी बघितली नाही त्यांनी. अशा माणसाला रात्री दोनला उठवणं हा काही उपाय नाही. आणि एकट्या बाई डॉक्टरनं मध्यरात्री कुलूपबंद दवाखाना उघडून अनोळखी माणसांपुढं बसावं अशी अपेक्षा करणं तर चुकीचंच आहे. मी म्हणतोय ते वेगळी माणसं, वेगळी पाळी, शिपाई, दिवे, पगार.

"शेतकरी मरतोय आणि तुम्ही कुत्र्या-मांजरांचं काय घेऊन बसलात" असं तुमच्यापैकी कोणी मनात म्हणत असेल तर त्याला पण उत्तर देतो. मी रोज शेतकऱ्यांमध्येच बसतो. उधारीची वही माझ्याकडं आहे, कोणाच्या घरात काय चाललंय ते मला माहीत आहे. 2025 च्या सप्टेंबरात ढगफुटी झाली, नद्या गावात घुसल्या, दावणीची गुरं वाहून गेली, तेव्हा लोकांच्या दारात बसून मी पण रडलोय. रात्रीचा पशुवैद्यक हा त्याच शेतकऱ्यासाठी आहे. त्याची अडलेली गाय, पोट फुगलेली शेळी, विष बाधलेला बैल आणि राखणीचं कुत्रं एकाच दवाखान्यात येणार आहेत, एकाच सलाईनच्या खोक्यातून वाचणार आहेत. आणि शहरात फ्लॅटमध्ये एकटी राहणारी आजी, जिला एका मांजराशिवाय दिवसभर बोलायला कोणी नाही, तिची अडचण काय कमी आहे का? मला तरी तसं वाटत नाही.

पैसे नाहीत हे उत्तर पण मला पटणार नाही, कारण अर्ध्याहून जास्त गोष्टी आपल्याकडं आधीच आहेत. परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1972 चं, दुष्काळाच्या सालातलं. उदगीरचं 1987 चं. राज्यात मोजकी सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आणि त्यातली दोन एकट्या मराठवाड्यात, असं भाग्य किती विभागांचं आहे? तिथं सर्जरी, मेडिसिन, प्रसूतीशास्त्राचे प्राध्यापक आहेत, एमव्हीएससी करणारी पोरं आहेत, साडेपाच वर्षांच्या पदवीत पूर्ण एक वर्ष इंटर्नशिपचं आहे. माणसांच्या मेडिकल कॉलेजचा कॅज्युअल्टी विभाग रात्री कोण चालवतं, हीच निवासी डॉक्टर पोरं चालवतात ना, वरिष्ठांच्या देखरेखीखाली? तसंच इथं करता येईल. विद्यार्थ्यांना रात्रीच्या केसेस बघायला मिळतील, शिकतील, आणि शिकून सगळेच्या सगळे पुण्या-मुंबईला पळणार नाहीत, कारण इथं काम करायला जागा असेल.

दुसऱ्यांनी हे करून दाखवलंय. केरळच्या पशुसंवर्धन खात्यानं ब्लॉक पातळीवर रात्रीची आपत्कालीन पशुवैद्यकीय सेवा सुरू केली, संध्याकाळी 6 ते सकाळी 6, त्यासाठी कंत्राटावर वेगळे पशुवैद्यक घेतले. आपल्याच राज्यात मुंबईला परळमध्ये 1886 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, महालक्ष्मीला 2024 मध्ये टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं मोठं हॉस्पिटल उघडलं. आनंद आहे, मुंबईच्या प्राण्यांना मिळावंच. पण औंढ्याहून, भोकरदनहून, देवणीहून मुंबई किती लांब आहे ते नकाशात एकदा बघा. उदगीर-देवणीकडच्या माणसाला तर मुंबईपेक्षा कर्नाटकातलं बीदर जवळ पडतं, तिथं त्यांचं पशुवैद्यकीय विद्यापीठच आहे. आपल्या घरात दोन कॉलेजं असून परराज्याच्या रस्त्याला लागायची वेळ आपल्या माणसावर येऊ नये.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

आठही जिल्ह्यांच्या जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात रोज रात्री, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सुद्धा एक पशुवैद्यक आणि एक सहाय्यक हजर पाहिजे. ऑन कॉल नको, हजर. सुरक्षा रक्षकासकट.

1962 वर रात्री फोन उचलणारा पशुवैद्यक असावा आणि कुत्रं-मांजर त्यात धरलंय हे लेखी जाहीर करावं. गाडी लगेच पाठवता आली नाही तरी चालेल, पण काय द्यायचं, काय द्यायचं नाही, कुठं न्यायचं हे सांगणारा आवाज पाहिजे. नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहा, माझ्या दुकानाच्या भिंतीवर लिहा, रंगाचे पैसे मी देतो.

परभणी आणि उदगीरच्या महाविद्यालयांत लहान प्राण्यांसाठी 24 तासांचा आपत्कालीन आणि भरती विभाग असावा, त्यात ऑक्सिजन, एक्सरे, सोनोग्राफी, रक्ततपासणी रात्री पण चालू असावी, संसर्गजन्य पेशंटसाठी वेगळी खोली असावी, रक्त देण्याची सोय असावी. त्यासाठी निवासी पशुवैद्यकांची पदं मंजूर करा आणि त्यांना माणसासारखं मानधन द्या, फुकट राबवू नका.

तालुक्याच्या प्रत्येक दवाखान्यात अ‍ॅट्रोपीन, प्रॅलिडॉक्झिम, सापाचं प्रतिविष, व्हिटॅमिन के आणि लहान प्राण्यांच्या सुया-नळ्या यांचा ठरलेला साठा ठेवा. साठा किती आहे ते दाराबाहेरच्या बोर्डावर रोज खडूनं लिहा.

आणि रिकामी पदं भरा. हे सगळ्यात आधी लिहायला पाहिजे होतं खरं म्हणजे, कारण माणसंच नसतील तर वरचं सगळं कागदावरच राहणार.

यातलं काहीच फुकट मागत नाहीये. रात्रीच्या केस पेपरची फी वाढवा, ऑपरेशनचे वाजवी पैसे घ्या, ज्याला परवडतं तो देईल. पण मेंढपाळाच्या, मजुराच्या प्राण्याला आणि रस्त्यावरच्या बेवारस जनावराला माफी असू द्या. आमच्या तालुक्यातले आम्ही काही दुकानदार मिळून औषधांच्या पहिल्या साठ्याला हातभार लावायला तयार आहोत, तसं लेखी देतो, पावती मात्र सरकारी पाहिजे.

मे महिन्यात आमच्याकडं पारा 42-43 वर जातो, उष्माघाताची कुत्री येतील. जूनमध्ये पेरणी सुरू झाली की बिळं पाण्यानं भरतात आणि साप बाहेर निघतात, जुलैपासून फवारणी. म्हणजे सगळ्यात वाईट दिवस कधी येतात ते आधीच माहीत आहे. निदान त्या चार-पाच महिन्यांसाठी तरी, निदान दोन-तीन जिल्ह्यांत तरी, या हंगामाआधी रात्रपाळी सुरू करून बघा. चालली तर वाढवा, अडचणी आल्या तर आम्हाला बोलवा, आम्ही बैठकीला येऊ. आणि या पत्राचं उत्तर देताना "वरिष्ठ कार्यालयास कळविण्यात येत आहे" हे वाक्य कृपा करून वापरू नका. हो का नाही ते सांगा, नाही असेल तर का नाही ते सांगा, आणि हो असेल तर तारीख सांगा.

आपला,
बीड जिल्ह्यातला एक कृषी सेवा केंद्र चालक